रुमाल आणि चुंबळ

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही, हे आधीच सांगून टाकते. नम्रपणा मला फारसा जमत नाही आणि या बाबतीत त्याची गरजही नाही. सोलापूरहून मैंदर्गीच्या शाळेत गणित शिकवायला मी इतकी वर्षं जाते आहे, की सुरुवातीला शिकवलेल्या मुली आता आपल्या मुलींना घेऊन शाळेत येतात. एवढ्या वर्षांत उभ्याने प्रवास केल्याचे दिवस मला फारसे आठवत नाहीत.

रुमाल टाकायचंही एक तंत्र आहे. बायकांचे ते इवलेसे रुमाल कामाचे नाहीत, वाऱ्यावर भरकटतात आणि भलत्याच्याच मांडीवर जाऊन पडतात. मोठा, सुती, पुरुषी रुमाल घ्यायचा, एका टोकाला घट्ट गाठ मारायची आणि गाठीचा जोर लावून फेकायचा. रुमालाला सगळे मानतात. वर्तमानपत्र टाकलं की वाद होतात. पाण्याची बाटली कुणी जुमानतच नाही. आणि खिडकीतून कुणी लहान मूलच आत सोडलं, तर मात्र पुढे बोलण्यासारखं काही राहत नाही. हे नियम कुठल्या फलकावर नाहीत, पण आमच्या स्टँडवर ते तिकिटाइतकेच पाळले जातात.

दुधनीला जाणारी आमची सकाळची गाडी लागली की सगळी गर्दी दाराच्या बाजूला धावते. मी तिकडे कधीच जात नाही. त्या बाजूच्या खिडक्यांवर अक्कलकोटपर्यंत ऊन असतं, आणि सोलापूरचं ऊन सकाळी कोवळं वगैरे असतं हा बाहेरच्या लोकांचा समज आहे. मी गाडीला मागून वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला जाते. तिथली तिसरी खिडकी सावलीची, वाऱ्याची आणि चाकापासून लांबची. मला गाडी लागते, त्यामुळे खिडकी हा माझ्यासाठी शौक नाही.

या तिसऱ्या खिडकीचं गुपित आणखी एकाच व्यक्तीला माहीत होतं. ती म्हणजे मैंदर्गीची एक फूलवाली. पहाटेच्या गाडीने ती सोलापूरला यायची, बाजारातून झेंडू, शेवंती आणि मोगऱ्याच्या कळ्या घ्यायची, आणि आमच्याच गाडीने परत जाऊन गावात विकायची. माझ्यापेक्षा वयाने मोठी, अंगाने काटक. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि भांडताना दोन्ही. फुलं कोमेजू नयेत म्हणून तिलाही तीच सावलीची, वाऱ्याची खिडकी हवी असायची. ती रुमाल टाकत नसे. डोक्यावरची पाटी खाली ठेवून पाटीखालची चुंबळ काढायची आणि ती भिरकावायची. घट्ट पिळलेल्या कापडाची, गोल, वजनदार चुंबळ. जागेवर अशी बसायची की हलायचं नाव नाही. मनातल्या मनात मी तिला मानत होते, तोंडावर अर्थातच नाही.

आमचं बोलणं म्हणजे फक्त भांडण. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला बाई म्हणायची, आणि त्यापुढचं सगळं खिडकीवरून. कधी ती जिंकायची, कधी मी. हरलेली दुसरीकडे कुठेतरी जाऊन बसायची आणि उतरताना जिंकणारीकडे बघायचीसुद्धा नाही. इतक्या वर्षांत आम्ही शेजारी शेजारी एकदाही बसलो नव्हतो.

गेल्या वर्षी माझा उजवा गुडघा बदलला. ऑपरेशन चांगलं झालं, चालायला लागले, पण घरातल्यांनी त्या अवधीत एक ठरवून टाकलं. निवृत्तीला अजून काही वर्षं होती, पण आता रोजची एसटी नको, स्वेच्छानिवृत्ती घ्यायची. मुलाने पुण्याहून फोनवर समजावलं, सुनेने समजावलं. नवऱ्याने समजावलं नाही, अर्जच टाइप करून आणला आणि फ्रिजवर ठेवला. मी म्हटलं, एक आठवडा जाऊन बघते. बस झेपली तर नोकरी, नाही झेपली तर शनिवारी सही करते. शब्द दिला म्हणजे दिला. पण खरं सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदा मला माझीच खात्री वाटत नव्हती. शाळा सुटली तर मी दिवसभर करणार काय, हे गणित काही सुटत नव्हतं.

सोमवारी नवरा स्टँडवर सोडायला आला. तेवढ्यावर थांबला असता तर बरं, पण त्याने कंडक्टरला गाठून सांगितलं, "हिचं ऑपरेशन झालंय, जरा बघा." कंडक्टर भला माणूस. त्याने दारापाशी गर्दी बाजूला केली, मला हाताला धरून वर चढवलं आणि दाराजवळच्या राखीव सीटवरच्या कॉलेजच्या पोराला उठवून तिथे बसवलं. सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. एकीने माझी पर्स धरली, एकीने काठी. ऊन थेट तोंडावर. वळसंग येईपर्यंत मळमळायला लागलं, पण सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं असतं तर चार जणी लिंबू शोधायला लागल्या असत्या. शाळेत गेले तर खुर्ची दारातच आणून ठेवलेली. मुलंसुद्धा हळू आवाजात बोलत होती. माझ्या वर्गात मुलं हळू आवाजात बोलतात ती मला घाबरून, माझी कीव करून नाही. मला त्या दिवशी रडू आलं, आणि ते मी बाथरूममध्ये जाऊन आवरलं.

फूलवाली तिसऱ्या खिडकीशी पाटी मांडीवर घेऊन ऐटीत बसली होती. सगळ्यांनी गुडघ्याची चौकशी केली, तिने केली नाही. मंगळवारीही तेच. फक्त मैंदर्गीला उतरताना माझ्या सीटपाशी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बसा बसा बाई. ही जागा बरी हाय तुमाला. खिडकी आता माजीच की."

तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी मी वर्गात इतकी खेकसले की मुलांना बरं वाटलं असावं.

बुधवारी नवऱ्याला मी घरीच बसवलं आणि रिक्षाने एकटी स्टँडवर आले. गाडी आत वळली तेव्हाच मी चालायला लागले. धावणं शक्य नव्हतं, म्हणून गाडी कुठे थांबणार त्याचा अंदाज घेऊन आधीच मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले. काठी डाव्या हातात, रुमाल उजव्या हातात. गाडी थांबली. वळसा घालून मी तिसऱ्या खिडकीखाली पोहोचले, तेवढ्यात पलीकडून ती आली. तिने मला पाहिलं, काठी पाहिली, रुमाल पाहिला. पाटी धाडकन खाली ठेवली आणि चुंबळ काढली. मी रुमाल फेकला, तिने चुंबळ, जवळपास एकदमच.

आत चढायला मला वेळ लागला. दारातून वाट काढत पोहोचले तर ती सीटपाशी उभी होती आणि तिसऱ्या खिडकीच्या जागेवर दोन्ही वस्तू पडलेल्या. चुंबळ आणि रुमाल.

"जागा माझी आहे मावशी," मी म्हटलं.

"कशी काय? चुंबळ दिसंना व्हय?"

"रुमालही दिसतोय की."

गाडीतले लोक मध्ये पडले. मागच्या सीटवरचे एक गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो मावशी, बाईंचं ऑपरेशन झालंय. आजारी माणूस आहे. द्या की त्यांना." आणखी दोघींनी दुजोरा दिला. कंडक्टरही म्हणाला, "मावशी, सोडा आता."

मला वाटलं, ती सोडणार. आणि ती सोडणार म्हणून मी अशी खट्टू झाले की सांगता येत नाही. अशी मिळालेली खिडकी घेऊन मी करणार काय होते?

पण ती त्या गृहस्थांच्या अंगावरच गेली. "आजारी? कोन आजारी? ऑपरेशन गुडघ्याचं झालंय न्हवं, हाताचं झालंय व्हय? खालनं रुमाल टाकलाय तिनं, नेमका जागंवर. तुमी टाकून दावा की. आजारी म्हनं." मग माझ्याकडे वळली. "आन् बाई, तुमी गप का? भांडा की."

मी भांडले. मनापासून, घसा साफ करून, पूर्वीसारखी भांडले. तिची चुंबळ नेहमी उशिरा पडते, तिने मागे एकदा माझा रुमाल खाली पाडला होता, फुलं पायाशी ठेवली तर काही मरत नाहीत, सगळं काढलं. तीही मराठीतून कानडीत गेली. कंडक्टरने कपाळाला हात लावला. गाडीतले सगळे आजारी माणसाला विसरून भांडण ऐकायला लागले. मला इतकं बरं वाटत होतं की हसू येऊ नये म्हणून मी आवाज आणखी चढवला.

शेवटी मीच वाकून सीटकडे नीट पाहिलं. चुंबळ खाली होती आणि माझ्या रुमालाची गाठ तिच्यावर पडली होती. म्हणजे आधी आली ती चुंबळ. गणिताच्या बाईला हा क्रम मान्य करावाच लागला.

"तुमची," मी म्हटलं आणि रुमाल उचलला.

ती खिडकीशी सरकली, पाटी मांडीवर घेतली आणि शेजारच्या जागेवर हात आपटला. "बसा हितं."

मी बसले. पाटीची एक कड माझ्या मांडीवर आली. तिने खिडकीची काच पार मागे सरकवली, वारा माझ्यापर्यंत येतोय का ते एकदा बघितलं आणि रस्त्याकडे तोंड केलं. अक्कलकोट सुटल्यावर तिने गुडघ्याकडे बोट दाखवून विचारलं, "दुकतंय?"

"दुखतंय की."

"माजाबी दुकतोय," ती म्हणाली, आणि परत बाहेर बघायला लागली.

संध्याकाळी घरी आले तर नवरा चहा टाकून वाट बघत होता. मी कपडे बदलले, रुमाल धुतला आणि चहा पिता पिता ओल्याच रुमालाच्या टोकाशी खटपट करत बसले.

"काय झालं आज?" त्याने विचारलं.

"खिडकी नाही मिळाली."

त्याने सुस्कारा सोडला, फ्रिजवरचा अर्ज काढला आणि पेनासकट माझ्यापुढे ठेवला. "मग शनिवारपर्यंत तरी कशाला थांबतेस?"

"जरा तो कागद उचल," मी म्हटलं, "रुमाल ओला आहे. गाठ हलकी पडली आज. उद्यासाठी दुहेरी मारतेय."