वाकवलेला रॉड

वडिलांच्या जुन्या पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन बसवण्याचा हट्ट माझा होता. काळ्या-पिवळ्या टॅक्स्या असायच्या त्या जातीची गाडी, पण बाबांनी ती पांढरीशुभ्र ठेवलेली. "आहे तशी राहू दे," ते म्हणाले. मी ऐकलं नाही. जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांत मला मिरवायचं होतं.

पनवेलच्या मिस्त्रींनी इंजिन बसवलं, पण ते दांडगं निघालं. त्याचं तेलाचं चेंबर खालून जाणाऱ्या स्टिअरिंगच्या रॉडला घासायला लागलं. मिस्त्री म्हणाले, "चेंबर कापून नवं बनवू, साहेब. पंधरा दिवस द्या." मला तर येत्या रविवारी खारघरच्या मेळाव्यात गाडी दाखवायची होती.

"रॉडच वाकवा," मी म्हणालो.

त्यांनी गॅसवर रॉड लाल केला आणि वाकवला. मग हात पुसत म्हणाले, "तापवून वाकवलेल्या लोखंडाचा भरवसा नसतो. खड्ड्यात रॉड दबणार आणि गाडी स्वतःच्या मर्जीनं वळणार. पुढं वजनही वाढलंय, स्प्रिंगा बसतील. खुदा के वास्ते, अब्बांना चालवायला देऊ नका."

मी दिली. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

दुसऱ्याच आठवड्यात बाबा आत्याकडे चिरनेरला निघाले. विचुंब्याला आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी गतिरोधक आहे. त्यावरून उतरताना गाडी डावीकडे गेली आणि खांबावर आदळली. मी खाली आलो तेव्हा माणसं जमली होती.

"स्टिअरिंग ओढतंय रे," बाबा म्हणाले. "मी उजवीकडे धरून होतो."

"गाडीला नावं ठेवू नका," मी म्हणालो. "हातातला चहा सांडता तुम्ही, स्टिअरिंग काय धरणार?"

"काका, आता नातवाची सायकल घ्या," वरच्या मजल्यावरचा शेजारी म्हणाला. "मागे दोन छोटी चाकं असतात, पडणार नाही."

सगळे हसले. मीही हसलो, आणि सगळ्यांसमोर हात पुढे केला. त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. चहा त्यांनी आयुष्यात एकदाच सांडला होता, तोही कपाचा कान तुटला म्हणून.

त्यानंतर ते सकाळी खुर्चीत बसून रबरी चेंडू दाबायचे. एकदा मला न सांगता डॉक्टरांकडे गेले. "हात उत्तम आहेत म्हणाले," त्यांनी जेवताना सांगितलं.

"म्हाताऱ्या माणसाचं मन राखतात, बाबा."

चेंडू कपाटात गेला.

दोन महिन्यांनी, गाडी मलाच आवरेना तेव्हा, मी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चेंबर कापून उथळ केलं, सरळ रॉड टाकला, पुढे जाड तारेच्या स्प्रिंगा बसवल्या आणि अलाइनमेंट केली. फाटकाशी झालेला प्रकार मीच त्यांना सांगितला होता. "अब्बांना बोललात ना, चूक त्यांची नव्हती?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. इतकं सरळ खोटं मी क्वचितच बोललो असेन.

त्या संध्याकाळी मी गतिरोधकावरून गाडी दोन बोटांनी चालवत आणली. बाबा गॅलरीतून पाहत होते.

"झाली का दुरुस्त?"

"दुरुस्त कसली? सर्व्हिसिंग केलं. आधीही ठीकच होती."

ते "बरं" म्हणाले आणि आत गेले. तेव्हा सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यासोबत फाटकाशी जमलेली माणसं, डॉक्टर आणि तो चेंडू, सगळ्यांचाच हिशेब द्यावा लागला असता.

परवा शेजारी नवीन राहायला आलेलं जोडपं भेटायला आलं. खाली उभी असलेली गाडी कोणाची, असं त्यांनी विचारलं. बाबा उत्साहानं सांगू लागले, मग थांबले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यानं वेळेवर किल्ली काढून घेतली म्हणून बरं. मी कुणाचा तरी जीव घेतला असता."

त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल अभिमान होता. पाहुण्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं, आणि मी मान डोलावली.