भिंतीपलीकडं जाणारं युकुलेले

धम्म... धम्म... बाकावरची आप्पाची थाप अजून कानात आहे. सातवीच्या वर्गात आम्ही कविता म्हणताना उधळायचो आणि मागच्या बाकावरून आप्पा तळव्यानं ताल देऊन आम्हाला आवरायचा. आज तोच आप्पा तुळजापुरात माझा शेजारी आहे, मधे एकच भिंत. पण दिवाळीपासून अबोला. आमच्या रविवारच्या कविता-बैठकीत तो चारचौघांत म्हणाला, "ताल सोडून तू लई पळतोस." मी म्हणालो, मग बस घरी. तो खरंच बसला.

परवा मोबाइलवर बेस युकुलेले ऐकलं, म्हणजे खर्जात वाजणारी छोटी गिटारच. हातभर लाकूड, रबरासारख्या चार जाड तारा आणि आवाज थेट त्या बाकाचा. ठरलं, ते घ्यायला धाराशिवला जायचं. सौ. म्हणाली, त्यापेक्षा आप्पांचं दार वाजवा की. पण इतकं सोपं असतं, तर प्रवासवर्णनं कुणी लिहिली असती?

धाराशिवची एसटी सारखी मिळते. पंच्याहत्तरी ओलांडली असेल तर प्रवास फुकट, आधारकार्ड तेवढं जवळ ठेवा. सकाळी डावीकडची खिडकी धरा, ऊन लागत नाही.

वाद्यांच्या दुकानातल्या बाईंनी तीन युकुलेली पुढं मांडली. मी विचारलं, शेजाऱ्याला ऐकू जाईल का?

"काका, लोक उलटं विचारतेत. ऐकू जाऊ नये म्हणून."

"मला जायलाच पाहिजे."

बिचाऱ्या गोदामात जाऊन एकेक वाजवू लागल्या. मी इकडं भिंतीला कान लावून उभा. दारात आलेलं गिऱ्हाईक मला बघून आल्या पावली परतलं. पहिलं डासासारखं गुणगुणलं, दुसरं भिंतीतच जिरलं. तिसरं, मोठ्या पोटाचं, स्पीकरला जोडलेलं, थेट गालात थरथरलं. हेच! घेणाऱ्यांनो, स्पीकरशिवाय घेऊ नका. नुसतं वाजवलं तर फक्त आपल्या मांडीला ऐकू येतं. तारा मात्र मऊ, म्हाताऱ्या बोटांना सोसतात. किंमत सांगत नाही, सौ. हा ब्लॉग वाचते.

गुलाबजाम खाऊन येडशी गाठली. तिथल्या रामलिंगाच्या देवळाजवळच्या झाडीत बसून सराव केला. तार छेडणं सोपं, पुढच्या ठोक्यापर्यंत थांबणं अवघड. एका वानरानं माझ्या शेंगा पळवल्या, त्याही बरोबर तालावर.

संध्याकाळी घरी आल्या आल्या स्पीकर आप्पाच्या भिंतीला टेकवला आणि सातवीतली कविता धरली. पहिलं कडवं झोकात. दुसऱ्याला मी पुढं, बोट मागं. पुन्हा सुरुवात. भिंत गप्प. तिसऱ्यांदा म्हटली. भिंत गप्पच.

सौ. चहा घेऊन आली. "कुणाला ऐकवताय? आप्पा कालच सोलापूरला गेले, लेकीकडं. घराला कुलूप आहे."

मी युकुलेले मांडीवर आडवं घेतलं. एवढ्या प्रवासातून हाती काय राहिलं, तर गालाला लागलेला दुकानातल्या भिंतीचा चुना. तो पुसत होतो, तेवढ्यात कडी वाजली.

दारात आप्पा. खांद्याला प्रवासाची पिशवी, हातात कुलपाची किल्ली तशीच.

"बोळाच्या तोंडापासनं ऐकायलोय," तो म्हणाला. "दुसऱ्या कडव्याला अजून पळायलास तू. सरक."