कडक पेडल

गॅरेजच्या पाटीवर वडिलांचं नाव होतं, पण गावात तिला सगळे ब्रेकवाली म्हणत. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांचे ब्रेक आणि क्लच, एवढंच काम ती तीस वर्षं करत आली होती. त्यात कुणी लुडबुड केली की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. या वेळी लुडबुड सख्ख्या धाकट्या भावाने केली होती.

ती दोन दिवस तापाने पडून होती. तेवढ्यात भावाने दातांच्या डॉक्टरांची हिरवी, दोन सीटची गाडी उरकून टाकली. ब्रेकचं पेडल लिबलिबीत लागतं, ही डॉक्टरांची तक्रार. अशा गाडीत बॉनेटखाली दोन मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब तेलातून पुढे ढकलणाऱ्या नळ्या, जुळ्या भावंडांसारखे शेजारी बसतात, एक ब्रेकचा, एक क्लचचा. बाहेरून अगदी सारखे, पण क्लचचा आतून थोडा रुंद. म्हणून खोलण्याआधी ती प्रत्येकाला तारेने चिठ्ठी बांधायची. भावाने चिठ्ठ्या फेकून दिल्या आणि दोन्ही सिलिंडरना चकचकीत काळा रंग फासला.

तिसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये येताच चप्पल काढून तिने अनवाणी पायाने ब्रेक दाबून पाहिला. पेडल जेमतेम हललं आणि दगडासारखं अडलं. शेजारी भाऊ छाती फुगवून डॉक्टरांना सांगत होता, बघा आता कसं कडक झालंय. डॉक्टर खूश. त्यांची मुलगी दुपारी हीच गाडी घेऊन घाट उतरणार होती.

ब्रेकवालीचं डोकंच फिरलं. कडक पेडल म्हणजे चांगला ब्रेक, ही या धंद्यातली सगळ्यात नालायक थाप. क्लचचा रुंद सिलिंडर ब्रेकला लावला की पायाला घट्ट लागतं, पण चाकापर्यंत जोर कमी पोचतो. गाडी थांबते, पण नको तितकी पुढे जाऊन. तिने हे दोनदा समजावलं. डॉक्टर हसण्यावारी नेत म्हणाले, भावंडांनी आपसात ठरवा. ताईला माझं काम कधी पसंत पडलंय, म्हणत भावाने नाक मुरडलं.

ती स्टिअरिंगवर बसली.

"काम चोख झालंय ना? मग त्या भिंतीला पाठ लावून उभा राहा. मी फाटकापासून जोरात येते आणि तुझ्यापुढे हातभर अंतरावर थांबवते."

"ताई, काहीतरीच काय बोलतेस."

"डॉक्टरांच्या मुलीने तुझ्या कामावर भरवसा ठेवायचा. मग तू का नाही ठेवायचा?"

डॉक्टरांचं हसू मावळलं. भाऊ भिंतीच्या दिशेने दोन पावलं गेला, थबकला आणि फळीवरचा पाना घेऊन आला. त्याने बॉनेट उघडलं. डॉक्टर घाईघाईने मुलीला फोन लावू लागले.

भाऊ दोन्ही सिलिंडर सोडवत होता. ब्रेकवाली बघत राहिली. वरून काहीच ओळखू येत नव्हतं, तरी कुठला कुठे बसवायचा हे त्याने तिला विचारलं नाही. एकदाही नाही. म्हणजे अदलाबदल चुकून झाली नव्हती, पेडल कडक लागावं म्हणून त्याने मुद्दाम केली होती. तेव्हा कुठे तिला खरा राग आला.