तीनदा सांगून झालं होतं

लायल कोस्कीला बायको सोडून गेली, पण सासर काही सुटलं नाही. आमच्या रेंजवर, म्हणजे या लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यात, ते सुटणं तसं अवघडच. गावं लहान, खाणीवर पोट सगळ्यांचं, आणि झुपान्सिच मंडळी, म्हणजे त्याचं सासर, जिथे तिथे. किराण्याच्या रांगेत पुढे मेव्हणा. दाढ दुखली तर दाताच्या दवाखान्यात नाव लिहून घ्यायला बायकोची मावसबहीण. खुद्द डेनिस, म्हणजे त्याची आधीची बायको, नव्या नवऱ्याबरोबर ज्या रस्त्यावर राहायला गेली तो रस्ता नेमका लायलच्या फेरीतला. काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक तो चालवायचा. हिवाळाभर तिच्या दारापुढची वाट यानेच मोकळी करायची.

मी काउंटीच्याच गॅरेजात रेडिओवर बसते. कुठे बर्फ साचलाय, कुठली गाडी खड्ड्यात गेलीय, ते चालकांना कळवत राहायचं. लायल रेडिओवर दोन शब्दांच्या पुढे जात नसे. समोर कॉफीचा कप घेऊन बसला की मात्र बोलायचा, आणि बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर.

झुपान्सिच कुटुंबाची फँटसी फुटबॉलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलवरच्या घरगुती खेळाची, लीग होती. ऑगस्टात सगळ्यांनी एकत्र बसून खऱ्या खेळाडूंमधून आपापला संघ वाटून घ्यायचा. मग दर रविवारी त्यातलं कोण खेळवायचं, कोण बाकावर बसवायचं ते ठरवायचं. ते खेळाडू खऱ्या मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्याला. चेंडू झेलला की थोडे, रेषेपार नेला, म्हणजे टचडाउन केलं, की भरपूर. पैशाबियशाचा संबंध नाही. जो जिंकेल त्याच्या घरी पुढच्या ऑगस्टची बैठक, एवढंच बक्षीस. दिवसभर खाणं, पिणं, एकमेकांची उणीदुणी काढणं. बाहेरगावची पोरंसोरंसुद्धा त्या दिवशी झाडून घरी यायची.

काडीमोड झाल्यावर डेनिसचा भाऊ कर्ट म्हणाला, लायलचं नाव काढू या. कर्टचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि लीगचा कारभार तोच बघतो. पण म्हाताऱ्या रूडींनी, म्हणजे डेनिसच्या वडिलांनी, टेबलावर हात आपटला. "नवरा-बायकोचं मोडलं. लीग मोडलेली नाही. तो राहील."

म्हणून लायल राहिला. त्याचं राहणं म्हणजे रूडींचे उपकार, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं, सगळ्यात जास्त लायलला. त्याची बहीण टूसॉनहून सारखी फोन करायची. इकडे ये, इथे ऊन आहे, माझ्या नवऱ्याच्या कंपनीत चालक हवेत. लायल म्हणायचा, बघतो. मुलगी टेस डुलूथला कॉलेजात होती आणि सुटीत आईकडे उतरायची. हा टूसॉनला गेला असता तर तीही भेट गेली असती.

लायलच्या घरी, हार्डवेअरच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत, झुपान्सिचांपैकी कोणी कधी पाऊल टाकलं नव्हतं. टेस यायची, पण कोट अंगावर ठेवून, कडेला बसून. "एकदा जिंकलो ना," तो मला म्हणाला होता, "तर सगळ्यांना जिना चढून वर यावं लागेल. कर्टलासुद्धा."

रूडींच्या डोळ्यांत मधोमध अंधार धरत चालला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. माणूस ओळखायचा तर पक्ष्यासारखी मान वाकडी करायचे. फोनवरचं तर काहीच दिसेना. म्हणून दर रविवारी सकाळी लायल त्यांच्याकडे जायचा. अंगणातला बर्फ काढायचा, कॉफी करायचा, आणि स्वयंपाकघरात बसून त्यांना आकडे वाचून दाखवायचा. रूडी सांगतील तसा त्यांचा संघ त्यांच्याच फोनवर लावून द्यायचा. भिंतीवर डेनिसच्या लग्नाचे फोटो होते. पहिल्या लग्नाचा काढला नव्हता, दुसऱ्याचा शेजारी लावला होता. लायल दोन्हींकडे पाठ करून बसायचा.

त्या वर्षी प्लेऑफला उपांत्य फेरीत लायलसमोर रूडीच आले.

"आता काय करशील?" मी विचारलं.

"काय करणार. जाईन नेहमीसारखा."

"अरे, त्यांचा संघ लावायला तूच, आणि विरुद्ध खेळायला पण तूच?"

"मग दुसरं कोण लावणार? कर्टला सांगायचं त्यांना नकोय."

ते का नको, तेही त्याने सांगितलं. कर्ट आठवड्यापूर्वीच शेजारच्या व्हर्जिनिया गावातल्या वृद्धाश्रमाची रंगीत माहितीपत्रकं घेऊन बापाकडे आला होता. तुम्हाला गॅसचं बटण दिसत नाही, औषधाच्या गोळ्या कळत नाहीत, तुम्हाला आता काही ठरवता येत नाही, असं म्हणाला. रूडींनी ती पत्रकं स्टोव्हमध्ये घातली होती.

रविवार उजाडला. लायलने अंगण साफ केलं, बूट दारात काढले आणि कॉफी ओतली.

"वाच," रूडी म्हणाले.

"तुमचा प्रायर. गेल्या चार सामन्यांत त्याच्याकडे चेंडू फेकला दहा वेळा, मग आठ, मग पाच, मग चार."

"टचडाउन किती?"

"शेवटच्या दोन सामन्यांत दोन."

"मग झालं तर. त्याला लाव."

"रूडी, ऐका. चारदा चेंडू आला, त्यातला एक नेमका रेषेपाशी आला, म्हणून टचडाउन झालं. ते दर आठवड्याला होत नाही. त्यांचा चेंडू फेकणारा, क्वार्टरबॅक, आता त्याच्याकडे बघेनासा झालाय. तुमच्या बाकावर तो नवा पोरगा आहे, बेकेट. त्याच्याकडे चार, सात, नऊ, बारा."

"आणि टचडाउन?"

"एकही नाही."

"बारा वेळा चेंडू येतो आणि एकही नाही? हाताला ग्रीस लावून येतो की काय?"

"चेंडू येत राहिला की गुणही येतात. बेकेटला लावा, प्रायरला बसवा."

रूडींनी मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे पाहिलं आणि हसले. "आज तू माझ्याविरुद्ध खेळतोयस. आणि मला सांगतोयस, माझा हुकमी माणूस बसवा. मी आंधळा झालोय रे, खुळा नाही."

खरं सांगावं तर तो डाव वाटतो. गप्प बसावं तर तो डावच. तरी लायलने पुन्हा सांगितलं. बेकेटच्या संघाचा चेंडू झेलणारा दुसरा गडी, दुसरा रिसीव्हर, जखमी आहे, म्हणजे आज तर चेंडू आणखी येणार. रूडी म्हणाले, प्रायरने मला इथवर आणलं, ऐन वेळी असा माणूस बसवायचा नसतो. लायलने तिसऱ्यांदा सांगितलं. रूडी म्हणाले, "प्रायर."

लायलने फोनवर प्रायर लावला.

दुपारी दोघांनी एकाच सोफ्यावर बसून सामने बघितले. म्हणजे लायलने बघितले आणि रूडींनी ऐकले. प्रायरकडे चेंडू दोनदा आला, त्याने एक धरला. बेकेटने बाकावर बसल्या बसल्या, म्हणजे रूडींच्या बाकावर, अकरा झेल घेतले आणि एक टचडाउन केलं. रूडी सहा गुणांनी हरले. बेकेटचे गुण धरले असते तर लायलचा धुव्वा उडाला असता.

"जिंकलास," रूडी म्हणाले.

"हो."

"कॉफी आहे का अजून?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोलिंगच्या बारमध्ये सगळे जमले होते. लायल रूडींना हाताला धरून आत घेऊन आला, आणि कर्ट वाटच बघत होता.

"या, या. महाराज आले," कर्ट म्हणाला. "काय रे लायल, जगाला शहाणपण शिकवतोस ना, चेंडू कोणाकडे जातो ते बघा म्हणून? मागच्या थँक्सगिव्हिंगला जेवू दिलं नाहीस, तेच ऐकवत होतास. मग डॅडचा बेकेट बाकावर कसा राहिला?"

लायलने रूडींना खुर्चीत बसवलं. कर्ट बापाकडे वळला.

"डॅड, प्रायरला लावायचं कोणी ठरवलं?"

बारमध्ये डेनिस होती, तिचा नवरा होता, टेससुद्धा सुटीला आलेली होती. रूडींनी ग्लास चाचपला, उचलला, परत ठेवला. मग म्हणाले, "फोन लायलकडे असतो."

यात खोटं काहीच नव्हतं. फोन लायलकडेच असायचा.

लायलला त्या क्षणी माहितीपत्रकं आठवली. रूडींनी मी ठरवलं म्हणून सांगितलं असतं, तर कर्टने सगळ्यांसमोर मोजून दाखवलं असतं की म्हाताऱ्याला समोर ठेवलेलं साधं उत्तरही घेता येत नाही, आता आश्रमच बरा. आणि आपलं चुकलं हे रूडींना कबूल करवलं नसतं. लायल म्हणाला, "चुकलं माझं."

"चुकलं?" कर्ट हसला. "तुझं? आणि बरोबर त्याच दिवशी? आंधळ्या माणसाला फसवलंस, लायल. ज्याने तुला लीगमध्ये ठेवलं त्यालाच."

डेनिस म्हणाली, "पुरे, कर्ट." पण तिने लायलकडे पाहिलं नाही. टेस कोट घालून बाहेर निघून गेली.

पुढच्या रविवारी लायल पुन्हा गेला. न जाऊन करतो काय. अंगणात गुडघाभर बर्फ होता. रूडी स्वयंपाकघरात बसले होते. कॉफी ओतून झाल्यावर म्हणाले, "तू सांगितलं होतंस."

"हो."

"कर्टला सांगू नकोस."

"नाही सांगत."

झालं. त्यावर दोघं परत कधी बोलले नाहीत.

अंतिम फेरी कर्टशी होती. लायलने नेहमीसारखे आकडे बघितले. गुण किती मिळाले ते नाही, चेंडू कोणाकडे जास्त जाऊ लागलाय ते. आणि एका नामांकित माणसाला बसवून कोणी नाव न ऐकलेला रिसीव्हर लावला. तो जिंकला. वर्षानुवर्षं खेळून पहिल्यांदा. लीगच्या फोनवरच्या गटात त्या संध्याकाळी एकानेही काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी कॉफी घेताना मी त्याचं अभिनंदन केलं, तर म्हणाला, "रस्ता मोकळा आहे का पाइक नदीकडचा?"

तेव्हाच कधीतरी त्याने मला हे सगळं सांगितलं. मी चिडले. "तुझी काय चूक यात? तीनदा सांगितलंस की."

"तीनदा," तो म्हणाला. "रूडी चौथ्यांदा ऐकतात. छत दुरुस्त करायचं होतं तेव्हा चौथ्यांदा ऐकलं. डोळे दाखवायला जायचं होतं तेव्हा चौथ्यांदा ऐकलं. मला ठाऊक होतं."

"मग?"

"मग काय. मला माझ्या घरी माणसं हवी होती."

मी रेडिओकडे वळले.

ऑगस्ट आला. लायलने चर्चमधल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून घडीच्या खुर्च्या आणल्या, दोन्ही खोल्या रंगवल्या, पोर्केटाचा, म्हणजे मसाला लावून भाजलेल्या डुकराच्या मांसाचा, मोठा तुकडा सांगून ठेवला. आठवडा आधी कर्टने कळवलं की या वर्षी सगळ्यांनी आपापल्या घरूनच फोनवर बसायचं. उन्हाळ्यात लोकांना सोयीचं पडतं, म्हणे.

तरीही त्या दिवशी टेस आजोबांना घेऊन आली. रूडी कठड्याला धरून एकेक पायरी चाचपत वर चढले. तिघांनी पोर्केटा खाल्लं. फोन टेबलाच्या मधोमध ठेवून खेळाडू निवडले. पलीकडून इतरांचे हसण्याचे आवाज येत होते, कारण ते सगळे कर्टच्या अंगणात जमले होते. ते तसं फोनवर लपलं नाही.

भांडी घासताना टेसने विचारलं, "बाबा, आजोबांना प्रायर लावा असं तू सांगितलंस? खरं सांग."

रूडी शेजारच्या खोलीत होते. डोळे गेले होते, कान चांगले होते. लायलने ताट पुसलं, कपाटात ठेवलं.

"खेळात होतं असं," तो म्हणाला.

"मला नाही वाटत तू सांगितलंस."

"टेस, राहू दे."

तिने राहू दिलं. जाताना तिने बापाला मिठी मारली. त्या दिवशी कोट नव्हता, उन्हाळा होता. पण ती आधी आजोबांना जिन्यावरून खाली सोडून मुद्दाम परत वर आली होती, हे त्याने मला दोनदा सांगितलं.

नोव्हेंबरात रूडी स्वयंपाकघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून त्यांना घरी आणलंच नाही, सरळ व्हर्जिनियाच्या त्या वृद्धाश्रमात नेलं. खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो, म्हणजे ज्याला दिसेल त्याला. लायल अजून दर रविवारी तिथे जातो, आकडे वाचतो, संघ लावून देतो. बहिणीला टूसॉनला यंदाही नाही म्हणून सांगितलंय.

मी त्याला म्हटलं, "आता तर सांगून टाक कर्टला. आता कसली भीती? ज्याला भीत होतास ते झालंच."

लायलने हातमोजे घातले, ट्रकची किल्ली खिळ्यावरून काढली.

"तिथल्या नर्सना रूडी सांगतात, घरी होतो तोवर सगळं माझं मी ठरवत होतो," तो म्हणाला. "आता त्यांचंच ठरवणं चुकलं होतं, हे मी कुठे जाऊन सांगू?"

बाहेर बर्फ सुरू झाला होता. पहिली फेरी डेनिसच्या रस्त्याची होती.