क्लॅरिनेट थांबलं तेव्हा
रेडिओवर ती खोडकर धून लागली की मला अ‍ॅमस्टेलव्हीनमधला लॉकडाऊन आठवतो. आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या डच आजी रोज दुपारी त्या धूनमधला फक्त क्लॅरिनेटचा भाग वाजवायच्या, कारण त्यांच्या हौशी ऑर्केस्ट्राच्या तालमी बंद होत्या. "संगीतकाराने ही आधी एका गंभीर ऑपेरासाठी लिहिली, मग तशीच उचलून विनोदी ऑपेराच्या सुरुवातीला लावली," असं त्यांनी मला जिन्यात लांबूनच सांगितलं होतं. मग त्यांना खोकला सुरू झाला, आणि एका दुपारी क्लॅरिनेट मध्येच थांबलं. खोकला नाही, पावलंही नाहीत. "वर जाऊ नकोस गं, घरात बाळ आहे," नवरा म्हणाला. तरी मी मास्क लावून धावले. बेल वाजवली, उत्तर नाही. शेवटी दारातल्या पत्र टाकायच्या फटीला तोंड लावून ओरडले, तर आतून वैतागलेला आवाज आला, "थांब ना! अजून व्हायोलिनवाल्यांचं चाललंय!" आपली पाळी येईपर्यंत त्या गप्प बसून मनातल्या मनात मात्रा मोजत होत्या. मी पायरीवर बसून रडता रडता हसले. आज रेडिओवर अख्खा ऑर्केस्ट्रा आहे; तरी क्लॅरिनेट थांबतं, व्हायोलिनं वाजत राहतात, आणि तेवढा वेळ मी श्वास रोखून छताकडे बघत राहते.