डेमोकाकांचा डेक

डेमोकाकांना कुठलीही गोष्ट दाखवा, तिची आधीची आवृत्ती बरी होती असंच ते म्हणत. वसई स्टेशनबाहेरचा नवा पूल पाहून "जुना बरा होता" म्हणणारे खूप भेटतात. काकांनी माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये साखरपुड्याचे फोटो पाहून "हे बघ, इथे तू खरा हसतोयस" असं सांगितलं होतं, तेही बायकोसमोर. पण या सवयीचं मूळ एका कॅसेटमध्ये होतं आणि त्या कॅसेटमुळेच त्यांना डेमोकाका हे नाव पडलं.

'मिठागर' नावाचा आमच्याकडे एक रॉक बँड होता. अजूनही आहे, फक्त आता चौघांपैकी तिघांच्या गुडघ्यांना पट्टे आहेत. या पोरांनी आपला पहिला डेमो, म्हणजे अल्बमआधीचा कच्चा नमुना, सांडोर गावी, काकांच्या भावाच्या वाडीत केळी पिकवायच्या खोलीत रेकॉर्ड केला. खोलीची किल्ली काकांकडे असायची, म्हणून काका त्या ऐतिहासिक प्रसंगाला हजर होते. डेमोच्या वीसेक कॅसेट निघाल्या. पावसाळ्यांत, लग्नांत आणि पोरांच्या पराक्रमांत एकोणीस गेल्या. विसावी काकांनी सांभाळली, आणि पुढे तिनं काकांना सांभाळलं असं म्हणायला हरकत नाही. कारण माणूस एकटा, लग्न केलेलं नाही, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत सहाय्यकाची नोकरी.

प्रयोगशाळेतून त्यांनी एकच सवय घरी आणली. जे काही नीट लागलं असेल, त्यावर लाल लाख वितळवून ठेवायची. लोणच्याच्या बरणीचं झाकण, विजेच्या मीटरची पेटी, भिंतीवरच्या घड्याळाची पाठ, सगळीकडे लाखेचे लाल ठिपके. "एकदा नीट लागलं की हात लावू नये," असं ते म्हणत. एकदा त्यांच्या पंख्याच्या रेग्युलेटरवरही ठिपका दिसला. त्यानंतर त्या घरात डिसेंबरातही पंखा तीनवरच फिरायचा आणि आम्ही स्वेटर घालून बसायचो.

दर रविवारी सकाळी आम्ही तीनचार जण जुन्या वसईत बाजारामागच्या त्यांच्या घरी जमायचो. काका बशीत सुकेळी, म्हणजे वसईची सुकवलेली केळी, ठेवत आणि नव्या माणसाची परीक्षा घेत. प्रश्न एकच: "'पानी चढलं' पहिल्यांदा कशावर ऐकलंस?" माझं उत्तर होतं, अल्बमवर. खोटं बोललो असतो तर निभावलं असतं. पण मी खरं बोललो आणि पुढची बावीस वर्षं दुसऱ्या यत्तेत बसलो. पहिल्या यत्तेत फक्त आधी डेमो ऐकलेले लोक होते, म्हणजे काका.

'पानी चढलं' हे मिठागरचं सगळ्यात चांगलं गाणं, याबद्दल आमच्यात वाद नव्हता. वाद दुसऱ्या नंबरावर होता. मी 'सुकेळी' म्हणायचो. ते संथ गाणं आहे आणि त्या काळी मी प्रेमात होतो. काका म्हणायचे, "दुसरा नंबर 'पानी चढलं'चाच. पहिला डेमोवरच्या 'पानी चढलं'चा, दुसरा अल्बमवरच्या. मधलं अंतर मात्र वसई ते दिल्ली."

या अंतराला जबाबदार होता प्रोड्युसर. मिठागरला पहिला अल्बम मिळाला तेव्हा मुंबईहून एक गृहस्थ आले. साबणाच्या आणि मसाल्याच्या जाहिरातींना संगीत देणारे. काका त्यांना फक्त 'जाहिरातवाला' म्हणत. "त्यानं गाण्याला झोपेची गोळी दिली," "त्यानं सूर खाली आणला, चाल लंगडी केली," ही वाक्यं आम्ही इतक्यांदा ऐकली होती की काका दमले तर आम्ही पुरी करायचो. काकांच्या कॅसेट डेकवर डेमो लावला की ते पटायचंही. खरंच गाणं उसळायचं. भरतीचं पाणी बांधावरून आत येतं तसं. मग रिक्षात कुणी अल्बम लावलेला असायचा आणि तेच गाणं जेवण जास्त झाल्यासारखं चालायचं.

एक नियम फार कडक होता. त्या डेकमध्ये डेमोशिवाय दुसरी कॅसेट जायची नाही. मी एकदा अल्बमची कॅसेट घेऊन गेलो, म्हटलं शेजारी शेजारी ऐकू. काकांनी ती माझ्या हातातून घेतली, रुमालात गुंडाळली आणि परत माझ्या खिशात ठेवली. "देवघरात चपला नेतोस का?" भजनं, बातम्या ऐकायला त्यांचा वेगळा ट्रान्झिस्टर होता. आम्हाला हे भक्तीचं टोक वाटायचं. आम्ही हसायचो आणि मनातून थोडे नमायचोही.

मधल्या काळात मी नायगावला टॉवरात चौदाव्या मजल्यावर राहायला गेलो, रविवारचे सभासद गळाले आणि भांडणं 'खारे लोक' नावाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर गेली. अशात दोन वर्षांपूर्वी बातमी आली की मिठागर जुनी गाणी नव्यानं रेकॉर्ड करणार. प्रोड्युसर कोण? ग्रुपचे दोन तट पडले. एक तट म्हणाला, जाहिरातवाल्यांनाच बोलवा, माणूस अनुभवी आहे. दुसरा म्हणाला, विरारची श्वेता, वय सत्तावीस, जिचं सगळं दुकान एका लॅपटॉपमध्ये मावतं. डेमोकाका कधी ग्रुपवर लिहीत नसत. त्या दिवशी लिहिलं: "पोरीला डेमो ऐकायचा आहे का, एवढं विचारा." श्वेतानं हो म्हटलं आणि निवडणूक तिथेच संपली.

ती रविवारी आली. काकांनी परीक्षा घेतली नाही, थेट डेक लावला. गाणं संपल्यावर ती म्हणाली, "काका, हे तर भन्नाट आहे. अल्बममध्ये याचं केलं काय त्यांनी?" काकांचा चेहरा असा झाला की जणू तीस वर्षं चाललेल्या दाव्याचा निकाल लागला. मग तिनं कॅसेट मागितली, एका दिवसासाठी. काका म्हणाले, "किडनी मागितली असतीस तर लगेच दिली असती." आणि कॅसेट माझ्या हातात दिली. "तू सोबत जा. हिला एकटी सोडू नकोस." 'हिला' म्हणजे कॅसेटला.

विरारला श्वेताच्या खोलीत तिनं कॅसेट आपल्या मशीनमध्ये घातली आणि बटण दाबलं. 'पानी चढलं' सुरू झालं. संथ. सूर खाली. जेवण जास्त झालेलं. मला वाटलं, हिचं मशीन बिघडलंय. तिनं दुसऱ्यावर लावून पाहिलं, तेच. मग अल्बम लावला. चाल तीच, सूरही तोच. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "दादा, काकांचा डेक फास्ट चालतो. सूर जवळजवळ एका स्वरानं वर जातो. त्या जाहिरातवाल्यांनी काहीच केलेलं नाहीये हो."

मी आयुष्यात पुष्कळ वाईट बातम्या ऐकल्या आहेत. पण एखाद्या माणसाचं अख्खं म्हणणं एका मोटरच्या चुकीवर उभं आहे, असली बातमी पहिल्यांदाच. बँडचा गायक नेल्सन तिथेच होता. तो म्हणाला, "आम्ही एवढं फास्ट कधी वाजवलंच नाही रे. त्या खोलीत तर नाहीच. केळ्यांच्या वासानं डोकं चढलेलं सगळ्यांचं." आता काकांना सांगायचं कुणी? पंचाहत्तरीला आलेल्या माणसाला सांगायचं की काका, तुमचं एकुलतं एक मत चुकीचं होतं? मला जमणार नव्हतं. नेल्सन म्हणाला, "मी नाही बाबा." श्वेतानं लॅपटॉप पुढे ओढला. मग म्हणाली, "मला जे आवडलं ते काकांच्या डेकवरचं आवडलं. आपण तेच रेकॉर्ड करू ना. त्याच स्पीडला, त्याच सुरात."

नेल्सननं पन्नाशीत तो वरचा सूर कसा लावला हे त्याचा डॉक्टर जाणे. पण गाणं आलं आणि 'खारे लोक' ग्रुपनं डोक्यावर घेतलं. "अखेर डेमोला न्याय मिळाला," असं ज्यांनी लिहिलं त्यांनी डेमो कधी ऐकलेला नव्हता.

काकांसाठी श्वेतानं एक खास कॅसेट भरून आणली. आम्ही तिघं तिच्यासोबत गेलो. म्हणजे मी, नेल्सन आणि माझी भीती. आणि काकांनी, आयुष्यात पहिल्यांदा, त्या डेकमधून डेमो काढला आणि दुसरी कॅसेट आत घातली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. आधीच फास्ट केलेलं गाणं, वर फास्ट डेक. 'पानी चढलं' असं सुटलं की जणू शेवटची बस पकडायला निघालंय. नेल्सनचा आवाज चिमणीसारखा आला. त्यानं मान खाली घातली. श्वेता बशीतली सुकेळी मोजायला लागली.

काकांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. बटण बंद केलं. "पोरगी गुणी आहे," ते म्हणाले. "पण घाई झाली थोडी. डेमोच बरा होता." मग कॅसेट बाहेर काढत, "त्या जाहिरातवाल्याला मी उगीच बोललो इतकी वर्षं. त्यानं निदान गाण्याला श्वास घेऊ दिला होता." निघताना श्वेताच्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटले, "तुझ्या मशीनवर बरोबर वाजत असेल, मला ठाऊक आहे." म्हातारा माणूस पोरीचं मन राखतोय, असं मला वाटलं. रिक्षात आम्ही सुटलो एकदाचे म्हणून इतके हसलो की रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं.

त्यानंतर जाहिरातवाल्याला त्यांनी कधी शिवी दिली नाही. रविवार थोडे सुने झाले. मीही नायगावहून येण्याचा कंटाळा करायला लागलो, हे आता लिहितानाही टोचतं. गेल्या माघात काका गेले, झोपेतच. मला त्यांची आठवण येते असं नुसतं म्हणणं पुरेसं नाही. कुणी काही नवं दाखवलं की मला आत कुठेतरी "आधीचं बरं होतं" असं ऐकू येतं आणि मी ते ऐकायला थांबतो.

त्यांच्या भाचीनं डेक आणि कॅसेट माझ्याकडे आणून दिली. डेक चालेना. पट्टा तुटला होता. वसईच्या बाजारात अजून एक मेकॅनिक असली कामं करतो, त्याच्याकडे नेला. म्हटलं, पट्टा बदलताय तर स्पीडही बघा, खूप वर्षांपासून जास्त आहे, मोटर बिघडली असेल. त्यानं मागचं झाकण उघडलं, बॅटरी मारली आणि मला जवळ बोलावलं.

"मोटर ठणठणीत आहे साहेब. स्पीडचा स्क्रू इथं असतो, बघा. कोणीतरी हातानं फिरवलाय."

मी वाकून पाहिलं. स्क्रूवर लाल लाखेचा ठिपका होता.

म्हणजे काकांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. गाणं त्यांच्या डोक्यात जसं वाजत होतं तसं डेकमधून येईपर्यंत त्यांनी तो स्क्रू फिरवला होता, आणि नीट लागल्यावर हात लावायचं बंद केलं होतं. म्हणून दुसरी कॅसेट आत जायची नाही. आणि त्या रविवारी ती चिमणी ओरडायला लागली तेव्हा आम्ही काय केलंय हे त्यांना पहिल्या ओळीला कळलं होतं. आम्ही त्यांना सांभाळत होतो, आणि ते आम्हाला.

"लाख काढून स्पीड नॉर्मल करू का? दोन मिनिटांचं काम आहे," मेकॅनिक म्हणाला.

"नको. नुसता पट्टा बदला."

"पण हे केलं कोणी?"

"प्रोड्युसरनं," मी म्हणालो.