चर्च पाहायला गेलेला माणूस

मागच्या वर्षी तिरुभुवनम् गावी मी एक खोटं बोललो. नगरला माझं साड्यांचं दुकान आहे आणि कुंभकोणमजवळच्या या विणकरांच्या गावात मी रेशमी साड्या घ्यायला गेलो होतो. रविवारी तिथल्या मादा कोविलात (चर्चमध्ये) उपासनेला बसलो. तमिळ येत नव्हतं. शेजारच्या सेल्वराज नावाच्या विणकराने आपलं गीतपुस्तक माझ्यापुढे धरलं आणि शेवटपर्यंत ओळीवरून बोट फिरवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सेल्वराज रावांच्या ओसरीवर भेटला. राव तिथले साड्यांचे व्यापारी, तंजावरी मराठी. आडनावावरून मला आपल्यासारखाच हिंदू समजून घरी जेवू घालत, उत्तम साड्या आधी मला दाखवत. सेल्वराज रविवारी माग चालवत नाही, म्हणून ते त्याचं लग्नसराईचं काम काढून घेत होते. तो माझ्याकडे बघून तमिळमध्ये काही बोलला.

"म्हणतो, तुमीही त्याच्यातलेच. काल प्रार्थनेला बसला होतात. त्याच्यासाठी शब्द टाका म्हणतो," राव हसत म्हणाले.

खरं सांगितलं तर ही ओसरी मला बंद होईल, असं वाटलं.

"पाहायला गेलो होतो," मी म्हणालो. "देवळं पाहतो, तसंच."

रावांनी ते त्याला सांगितलं. तो चपला घालून गेला. त्या दिवशीच्या साड्यांनी नगरात माझं नाव झालं. पण चर्चमध्ये गीतपुस्तक उघडलं की त्याचं बोट दिसे.

यंदा पुन्हा निघालो. कुंभकोणम स्टेशनबाहेर पितळी डबऱ्यातली (वाटीतली) कॉफी सदऱ्यावर सांडली. तो डाग घेऊनच तिरुभुवनमवरून जाणाऱ्या मयिलाडुदुरैच्या बसमध्ये बसलो. भातशेतं संपली आणि मागांची खटखट ऐकू येऊ लागली.

"या, जेवण जालं?" राव म्हणाले.

"आधी ऐका. मी ख्रिस्ती आहे. आजोबांपासून."

रावांनी तोंडातली सुपारी गालात सरकवली. "म्हणून काय आमचं सांबार कडू जालं असतं?" मग त्यांचा आवाज उतरला. "तुमचं खोटं माझ्या तोंडून त्याला ऐकवलंत. ते लागलं मला."

"आता खरं ऐकवा. चला माझ्याबरोबर."

सेल्वराजच्या मागावर रेशीम नव्हतं. जाड पंच्याचं सूत होतं. त्याने उठून मला स्टूल पुढे केलं. रावांनी विचारलं, "रविवारी अजून बंदच?"

दारातून त्याची बायको काही बोलली. राव खाली बघत मराठीत म्हणाले, "म्हणते, आता सोमवारीही सुट्टीच असते."

मी स्टुलावर बसलो नाही. रावांना म्हणालो, "जसंच्या तसं सांगा. त्या रविवारी मी चर्च पाहायला गेलो नव्हतो. प्रार्थनेला गेलो होतो. तुम्ही मला पुस्तक दिलंत आणि मी तुम्हाला ओळख दिली नाही. तुमच्यासमोर आणि प्रभूसमोर मी अपराधी आहे. मला क्षमा करा."